पोचेची पोच

'यापुढे सर्व पत्रव्यवहार केवळ ईमेलद्वारे करावा' असं परिपत्रक तळेगावच्या कार्यालयात आलं, तेव्हा चंद्रभान ताकसांडे यांनी आधी त्याला आवक क्रमांक दिला, गोल शिक्का मारला, ते घेऊन आलेल्या तानबा शिपायाच्या वहीत सही केली आणि मगच त्यांना घाम फुटला. ईमेल वापरा असं सांगणारं पत्र निदान कागदावर आलं होतं, एवढाच काय तो दिलासा.

ताकसांडेबाबू आवक-जावक लिपिक होते. येणारं पत्र आवक रजिस्टरात चढवायचं, जाणारं जावक रजिस्टरात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती. खातं कोणतं ते इथे सांगत नाही. सांगितलं तर त्या खात्याकडून विचारणा करणारं पत्र येईल, आणि मग त्याची पोच द्यावी लागेल.

पोच हा ताकसांडेबाबूंचा जीव की प्राण. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, पत्र मिळाल्याची खूण, दुसरा, समज. ताकसांडेबाबूंच्या लेखी दोन्ही एकच होते. ज्याला पोच देता येत नाही त्याला पोच नाही, असं ते नव्या शिपायांना पहिल्याच दिवशी सांगत. भाचीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हासुद्धा त्यांनी घरी पत्रिका आणून देणाऱ्या मेहुण्याला, 'मिळाली' असं लिहून सही करून दिली होती. मेहुणा त्यानंतर दोन वर्षं फिरकला नाही.

परिपत्रक घेऊन ते थेट रक्षाकडे गेले. रक्षा कार्यालयातली कॉम्प्युटर ऑपरेटर. मूळची आंजीची, कंत्राटावर लागलेली, आणि कार्यालयात काहीही बिघडलं की सगळे जिच्या टेबलाभोवती जमतात अशी.

"मले एक सांग रक्षा, हे बटन दाबलं का पत्र गेलं?"

"गेलं काका."

"नेलं कोनं?"

"कोनीच नाई. नेटवर्कनं जाते. आधी दिल्लीच्या सर्व्हरवर जाते. तो पत्ता पायते, का हे कोनाचं हाय. मंग तिथून ज्याचं त्याच्या डब्यात टाकते."

"थांब. इथून वर्धा सत्तर किलोमीटर. आर्वीले गाडी बदलली का दोन-अडीच तासात मानूस पोचते. आन् हे पत्र दिल्लीवरून जाऊन राह्यलं?"

"एका सेकंदात जाते न काका."

"एका सेकंदात आलं तं ते दिल्लीले गेलंच नसन," ताकसांडेबाबू ठामपणे म्हणाले. प्रवासभत्त्याची खोटी बिलं त्यांनी आयुष्यात कमी पाहिली नव्हती.

रक्षाने मग त्यांना पुढचं सांगितलं. पत्र अखंड जात नाही, त्याचे लहान लहान तुकडे होतात. एक तुकडा या रस्त्याने जातो, दुसरा त्या रस्त्याने.

ताकसांडेबाबूंनी चष्मा काढला. "साहेबाच्या सहीच्या पत्राचे तुकडे?"

"हो. पन प्रत्येक तुकड्यावर नंबर रायते. तिकडं गेल्यावर नंबरानं परत जुळून जाते."

"आन् एखादा तुकडा रस्त्यात राहून गेला तं?"

"तं तिकडचं मशीन सांगते, का सात नंबर भेटला नाई, परत पाठव. भेटला तं तसंबी सांगते, का भेटला."

ताकसांडेबाबूंचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हंजे मशीन मशीनले पोच देते?"

"तसंच समजा. प्रत्येक तुकड्याची."

"मंग मानूस मानसाले काऊन नाई देत?"

त्या दिवसापासून ताकसांडेबाबूंना ईमेल आवडू लागली. यंत्राला जी पोच आहे ती वर्ध्याच्या जिल्हा कार्यालयातल्या लिपिकाला नाही, एवढंच त्यांचं दुःख उरलं.

ते दुःख मात्र मोठं होतं. वर्ध्याचा आवक-जावक लिपिक आधी कागदाला पोच देत नसे, आता ईमेललाही देईना. ताकसांडेबाबूंनी त्याला पहिलं स्मरणपत्र पाठवलं, दुसरं पाठवलं, तिसऱ्यात 'खेदाने' हा शब्द घातला. तिकडून एकच ओळ आली: 'ईमेल आपोआप पोचते, पोच मागू नये.' खाली सही: आवक-जावक लिपिक, जिल्हा कार्यालय, वर्धा. नाव नाही. सरकारी पत्रात माणूस नसतो, पद असतं. ताकसांडेबाबू त्या पदाशी आठ वर्षं पत्रव्यवहार करत होते आणि ते पद गोरं की सावळं, हेही त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी मग जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना रीतसर तक्रार लिहिली. त्यातलं शेवटचं वाक्य त्यांना इतकं साधलं होतं की त्यांनी ते रक्षाला दोनदा वाचून दाखवलं. 'संबंधित लिपिकास पत्राची पोच देण्याइतपतही पोच नसल्याचे दिसून येते, तरी त्यांचा लेखी खुलासा घेण्यात यावा.' तळेगावच्या साहेबांनी न वाचता सही केली. वर्ध्याहूनही उलट तक्रार गेल्याची कुणकुण लागली: तळेगावच्या लिपिकास पत्र आणि चिटोरे यांतला फरक कळत नाही, त्यांचा खुलासा घ्यावा. दोन्ही तक्रारी मोठ्या साहेबांच्या टेबलावर एकावर एक पडल्या आणि, तिथल्या पद्धतीप्रमाणे, काही महिने मुरत राहिल्या.

स्वतःच्या बाजूने मात्र ताकसांडेबाबूंना कसूर नको होती. त्यांनी रक्षाला सांगून येणाऱ्या प्रत्येक ईमेलला आपोआप पोच जाईल अशी सोय करून घेतली. पहिल्या दिवशी त्यात खोट निघाली. एका पत्त्यावर ती दिवसातून एकदाच पोच पाठवत होती.

"वर्ध्याहून चार पत्रं आली, पोच एकाचीच गेली. बाकी तीन पत्रांनं काय पाप केलं?"

"काका, ते मुद्दाम तसं ठेवते. दोन्हीकडं अशीच सोय असली तं..."

"नियमात एका पत्राले पोच आन् दुसऱ्याले नाई असं कुठी लिवलं हाय काय?"

रक्षाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांनी टेबलावर आणून ठेवलेल्या गोरसपाक बिस्किटांच्या पुड्याकडे पाहिलं, आणि निमूटपणे तो बंध काढून टाकला. आता प्रत्येक पत्राला पोच जाऊ लागली, आलेलं पत्र खाली जोडून, जावक क्रमांकाची जागा मोकळी सोडून. आठवड्याभराने वर्ध्याहून चरफडत एक ईमेल आली: 'आपल्या समाधानासाठी हे कार्यालयही येत्या शुक्रवारी सायंकाळी साडेपाचपासून प्रत्येक पत्रास स्वयंचलित पोच सुरू करीत आहे.' ताकसांडेबाबूंनी ती छापून घेतली आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली. माणसाने जिंकावं तर असं.

ही पोच सगळ्यात जास्त ज्यासाठी हवी होती ते आता सांगायला हवं. ताकसांडेबाबूंचं घर वर्ध्याला लागून, नालवाडीत. नोकरी तळेगावात. आठ वर्षं ते तळेगावच्या बसस्टँडमागे खोली करून राहत होते आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी जात होते. नालवाडीतलं घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधलं, फरशी स्वतः निवडली, आणि त्या फरशीवर ते आठवड्यातून तीन रात्री झोपत. त्यांच्या पत्नी पौर्णिमाबाईंना एकटीने जेवायची सवय झाली होती, आणि ती सवय झाल्याचंच त्यांना वाईट वाटे. गल्लीतलं एक तांबूस कुत्रं तर दर शुक्रवारी ताकसांडेबाबूंवर भुंके. सोमवारी पहाटे ते पिशवी घेऊन निघाले की अधिकच भुंके, कारण अनोळखी माणूस पिशवी घेऊन घरातून बाहेर पडताना त्याला दिसे.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. नियमाप्रमाणे विनंती बदलीचा अर्ज करायची ही शेवटची संधी होती, आणि अर्ज सोमवारी पाच वाजेपर्यंत जिल्हा कार्यालयात पोचायला हवा होता. केवळ ईमेलद्वारे.

त्याच शुक्रवारी पाच चाळीसला ताकसांडेबाबूंनी तो पाठवला. रक्षा तालुक्याला गेली होती, म्हणून स्वतः, दोन बोटांनी. 'महोदय, विनंती बदलीचा अर्ज सादर. सोबत: वरीलप्रमाणे.' जावक क्रमांक टाकला. बटण दाबलं. आणि ते चष्मा पुसतात न पुसतात तोच वर्ध्याची पोच आली.

"आपले पत्र मिळाले," त्यांनी मोठ्याने वाचलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी वाचलं. मग दिवे मालवून, कुलूप लावून ते एसटीला गेले.

"अर्ज पोचला," घरी आल्या आल्या त्यांनी पौर्णिमाबाईंना सांगितलं.

"कशावरून?"

"पोच भेटली न."

"पोचेचं काय लोणचं घालू? बदली भेटन का ते सांगा."

"पोच भेटली म्हंजे अर्धी बदली भेटली," ताकसांडेबाबू म्हणाले आणि त्या रात्री आपल्या आवडत्या फरशीवर पाय पसरून समाधानाने झोपले.

इकडे वर्ध्याची पोच तळेगावात आली, ती एक पत्रच होती. प्रत्येक पत्राला पोच द्यायची, असा नियम ताकसांडेबाबूंनीच करून ठेवला होता. तळेगावच्या बाजूने त्या पोचेची पोच गेली. वर्ध्याला ते नवं पत्र मिळालं. तिथेही नियम तोच. त्यांनी पोचेच्या पोचेची पोच दिली. दोन्ही कार्यालयांना कुलूप होतं, शनिवार-रविवार सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी या खात्यात इतकं काम कधीच झालं नव्हतं. प्रत्येक नव्या पोचेच्या पोटात आधीच्या सगळ्या पोचा बसल्या होत्या, त्यामुळे दर फेरीला पत्र जाडजूड होत गेलं.

सोमवारी दहाला ताकसांडेबाबू तळेगावला पोचले, तेव्हा रक्षा कपाळाला हात लावून बसली होती.

"काका, सतराशे बारा मेल हायेत."

"कोनाच्या?"

"वर्ध्याच्या. सगळ्याचा विषय एकच. पोच, पोच, पोच, पोच... पुढचं स्क्रीनवर मावून नाई राह्यलं."

दुसरा कोणी असता तर हादरला असता. ताकसांडेबाबूंनी आवक रजिस्टर उघडलं, नवी रेघ आखली आणि पेन झटकलं. आलेलं पत्र चढवायचं. ते कशाबद्दल आहे हे पाहणं आवक-जावकचं काम नाही.

"काका, हे काय करून राह्यले तुमी?"

"नोंद. तू विषय वाच, मी लिवतो."

बेचाळीस नोंदी झाल्या तेव्हा रक्षाने वाचणं थांबवून यादीचं टोक गाठलं. "काका, ही शेवटची वेगळी हाय. इंग्रजीत हाय. मेलर डीमनकडून."

"हा डीमन कोन? दिल्लीचा साहेब हाय काय?"

"साहेब नाई. पत्र पोचलं नाई तं सर्व्हर आपोआप परत पाठवते, त्याचं नाव ते. तो म्हनते का वर्ध्याचा डबा भरला, आता त्यात काईच टाकता येत नाई. रविवारीच भरला."

"प्रेषक: श्री. मेलर डीमन," ताकसांडेबाबूंनी लिहिलं. मग पेन थबकलं. "त्यायले पोच गेली का?"

"गेली. तीबी परत आली."

रक्षाने त्यांना न विचारता ती स्वयंचलित पोच बंद केली. मग एका शंकेने तिने शुक्रवारी गेलेली पहिली ईमेल उघडली आणि ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.

"काका, यात अर्ज कुठी हाय?"

"सोबत हाय न. लिवलं हाय, सोबत वरीलप्रमाणे."

"लिवलं हाय. पन जोडला कुठी? फाईल जोडाची रायते न, ते टाचणीचं चित्र दाबून."

ताकसांडेबाबूंनी स्क्रीनवर टाचणी शोधली. अठ्ठावीस वर्षं ते 'सोबत: वरीलप्रमाणे' लिहून पत्र बाजूला सारत आले होते. पुढचं कधी बघावं लागलं नव्हतं.

"टाचणी तानबा लावते," ते म्हणाले.

"मेलले तानबा टाचणी कसा लावन काका?"

सतराशेहून अधिक वेळा वर्ध्याने लिहून दिलं होतं की आपलं पत्र मिळालं. आणि त्या पत्रात काहीही नव्हतं. साडेबारा वाजले होते. रक्षाने अर्ज जोडून ईमेल पुन्हा पाठवली, श्री. मेलर डीमन यांनी ती सेकंदात परत केली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. वर्ध्याला फोन लावला तर तो सतत व्यग्र. ताकसांडेबाबूंच्या डोळ्यांपुढे तळेगावच्या खोलीतला तो स्टोव्ह आला, त्यावरची एका माणसाची खिचडी आली, आणखी तीन वर्षांची. ते उठले, अर्जाची कागदी प्रत घेतली, तिला स्वतःच्या हाताने टाचणी लावली आणि एसटीकडे धावले.

म्हणजे आता ताकसांडेबाबू स्वतःच टपाल झाले होते. आर्वीला गाडी बदलली. पुढच्या रस्त्याने त्यांचे तुकडे करायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण ते वर्ध्याला अखंड उतरले. चार वाजून पाच मिनिटांनी त्यांनी जिल्हा कार्यालयाचा जिना चढला.

आवक-जावकच्या टेबलावर एक टक्कल पडलेला, जाडजूड मिशांचा माणूस रजिस्टरात मान खुपसून लिहीत होता. ताकसांडेबाबूंनी उलट्या बाजूने वाचलं. 'तळेगाव कार्यालय. विषय: पोचेची पोच.' अनुक्रमांक एकसष्ट.

"तुमी एकसष्टपर्यंत आले?" त्यांच्या तोंडून आदरच बाहेर पडला. "मी बेचाळीसवर होतो."

मान वर झाली. "तुमी तळेगावचे?"

"ताकसांडे. जय भीम."

"भैयाजी काळबांडे. रामराम." एवढं सौजन्य दोघांनाही पुरे झालं. भैयाजी पेन आपटून म्हणाले, "काय लावलं हो तुमी हे? सकाळपासून साहेब बोंबलून राह्यले, का जिल्ह्याची एक मेल आत येऊन नाई राह्यली. फोन तं ठेवूच देत नाई लोकं."

"मी लावलं? पोच तुमची आलती पह्यले."

"तुमीच मांगत होते न आठ वर्षांपासून! घ्या आता. सतराशे घ्या."

"ते जाऊ द्या. माहा हा बदलीचा अर्ज घ्या. आज शेवटची तारीख हाय."

भैयाजींनी अर्जाकडे बघितलंही नाही. "कागद घेता येत नाई. केवळ ईमेलद्वारे. परिपत्रक तुमाले भेटलं हाय, तुमची पोच हाय माह्याकडं."

"अहो पन डबा भरला हाय तुमचा!"

"कोनं भरला?"

ताकसांडेबाबूंचा आवाज चढला. "तुमाले मानसाची काई पोच हाय का नाई? आठ वर्षं झाले, घर नालवाडीत आन् मी तिकडं एकटा..."

"तुमचंच घर दूर हाय काय?" भैयाजीही उभे राहिले. "माहं सारं घर तळेगावले हाय. मी आठ वर्षांपासून तुमच्या त्या नालवाडीत रूम करून राह्यतो. माहा अर्जबी याच डब्यात पाठवाचा होता, तुमच्या पोचेनं तो बाहेरच राह्यला. पोट्टी बारावीले गेली, तरी मले शनिवारी पावना म्हनते!"

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टायपिंग थांबवलं.

"तळेगावात कुठीसा?" ताकसांडेबाबूंनी हळूच विचारलं.

"बसस्टँडच्या मांगं."

"मी तिथंच राह्यतो. पिवळ्या फाटकाच्या घरात."

"ते माह्या काकाचं घर हाय," भैयाजी म्हणाले आणि खाली बसले. "मी नालवाडीत विहाराच्या मांगच्या गल्लीत. तिथं एक तांबूस कुत्रं हाय. लय मायाळू. रोज संध्याकायी शेपूट हालवत सामोरं येते."

ताकसांडेबाबूंना हे लागलं. स्वतःच्या दाराशी आठ वर्षं जे भुंकत होतं, ते यांच्यासमोर शेपूट हलवत होतं. पण ही तक्रार कुणाकडे करायची ते त्यांना सुचलं नाही. त्यांनी समोरचं बदल्यांचं परिपत्रक ओढलं. नियमावर त्यांचा विश्वास होता, आणि विश्वास असलेला माणूस शेवटपर्यंत वाचतो. मुद्दा क्रमांक सात, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात: आपसी बदलीसाठी दोन्ही कर्मचाऱ्यांनी समक्ष हजर राहून एकाच अर्जावर सह्या कराव्यात व तो कागदावर सादर करावा.

"एकमेकाच्या जागेवर," ताकसांडेबाबू म्हणाले.

"कागदावर," भैयाजी म्हणाले.

चार वाजून पन्नास मिनिटांनी दोघांनी सह्या केल्या. भैयाजींनी अर्जाला आवक क्रमांक दिला, गोल शिक्का मारला, आणि न मागता दुसऱ्या प्रतीवर पोच लिहून दिली. शाई ओली होती. ताकसांडेबाबूंनी ती फुंकर घालून वाळवली, आणि त्यांचे डोळे भरून आले. आठ वर्षांत वर्ध्याहून मिळालेली ती पहिली खरी पोच होती.

बदलीचा आदेश दीड महिन्याने निघाला. ताकसांडेबाबू नालवाडीतल्या फरशीवर रोज झोपू लागले, पौर्णिमाबाई दोन ताटं घेऊ लागल्या आणि चार दिवसांतच, तुम्ही ताटात सांडता फार, असंही म्हणू लागल्या. कुत्रं मात्र भुंकतच होतं.

रुजू झाल्यावर पंधराव्या दिवशी वर्ध्याच्या टेबलावर एक लिफाफा आला. वरती पत्ता: आवक-जावक लिपिक, जिल्हा कार्यालय, वर्धा. ताकसांडेबाबूंनी शिपायाच्या वहीत सही केली आणि लिफाफा फोडला. मोठ्या साहेबांचं पत्र होतं; खुलाशाची पत्रं अजून कागदावरच निघत. आपल्याविरुद्ध तळेगाव कार्यालयाची तक्रार प्राप्त झाली असून तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. सोबत: वरीलप्रमाणे. या वेळी खरोखर सोबत होतं, आणि टाचणीही लावलेली होती. 'संबंधित लिपिकास पत्राची पोच देण्याइतपतही पोच नसल्याचे दिसून येते.'

वाक्य अजूनही चांगलं होतं.

त्यांनी साहेबांच्या दालनात जाऊन सांगून पाहिलं, की तक्रार करणारा मीच आणि चूक करणारा तो, जो आता तिकडे आहे. साहेबांनी पत्रावर बोट ठेवलं. "यात नाव आहे का कुणाचं? पद आहे. ते पद तुमच्याकडे आहे ना? मग खुलासा द्या."

ताकसांडेबाबू दोन दिवस कोऱ्या कागदासमोर बसले. तक्रार खोटी आहे असं लिहावं तर, अठ्ठावीस वर्षांत एकही खाडाखोड न केलेल्या तक्रारदार ताकसांड्यांना स्वतःच्या हाताने खोटं ठरवावं लागत होतं. तक्रार खरी आहे असं लिहावं तर पोच नसलेला लिपिक तेच ठरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तळेगावला फोन लावला.

"भैयाजी, तुमाले काई आलं काय?"

"आलं. पत्र आन् चिटोऱ्यातला फरक कळत नाई म्हनते मले." तिकडून मोठा उसासा आला. "माह्याच भाषेत. तुमी काय लिवलं?"

"लिवून राह्यलो. तक्रारदार हे अनुभवी व नियमाचे पक्के असून त्यांचे म्हणणे योग्य आहे. कसूर मान्य."

"मीबी सकाळी तेच लिवलं," भैयाजी म्हणाले. "आपल्या हातानं आपल्याले नावं कशी ठेवाव हो?"

दोघांनाही सक्त ताकीद मिळाली. दोघांच्याही सेवापुस्तकातली ती पहिलीच लाल शाई, आणि दोघांनीही आदेश मिळाल्याची पोच त्याच दिवशी दिली.

त्या संध्याकाळी ताकसांडेबाबू विहारामागच्या गल्लीत शिरले तेव्हा त्यांची मान खाली होती. तांबूस कुत्रं उठून पुढे आलं. त्यांनी सवयीने पिशवी छातीशी धरली. कुत्र्याने त्यांची चप्पल हुंगली, वर बघितलं, आणि शेपूट एकदाच डावीकडून उजवीकडे हलवलं.

"भेटली रे बाप्पा," ताकसांडेबाबू पिशवी खाली घेत म्हणाले, "पोच भेटली."

ते ऐकून कुत्र्याचं शेपूट पुन्हा हलू लागलं. ही पोचेची पोच आहे हे ताकसांडेबाबूंच्या लगेच लक्षात आलं, आणि एक शब्दही न बोलता आत शिरून त्यांनी फाटक लावून घेतलं.